ओवा आणि घरगुती औषध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून मला पंचवीस वर्षं होत आली. काम गोळ्या-औषधं देण्याचं, पण निम्मी गिऱ्हाइकं औषध घेता घेता दबक्या आवाजात विचारतात, “त्याआधी ओवा देऊन बघू का?” काहींना हो म्हणतो, काहींना हात धरून डॉक्टरांकडे पाठवतो. ओव्याला नावं ठेवायचं माझ्या मनात कधीच आलं नाही, कारण आमच्या घरी तो मिठाच्या डब्याशेजारी असतो. पण त्याचं काम कुठवर आहे, हे नीट माहीत असावं, म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

ओवा म्हणजे बी आहे का?

आपण बी म्हणतो, वनस्पतिशास्त्रात ते फळ आहे. कोथिंबीर, जिरे, बडीशेप, शेपू, हिंग यांच्याच कुळातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अमी. फुलं कोथिंबिरीसारखी, पांढरी, छत्रीसारख्या झुबक्यात येतात. त्यातून जे बारीक, रेघारेघांचं फळ वाळून हाती येतं, तो ओवा. त्या रेघांच्या आत अगदी बारीक तेलनळ्या असतात आणि ओव्याचा सगळा जीव त्या तेलात असतो. अख्खा ओवा नुसता हुंगला तर फारसा वास येत नाही, तळहातावर चोळला की नाकात जातो, तो या नळ्या फुटतात म्हणून.

संस्कृतात याला यवानी किंवा दीप्यक म्हणतात. दीप्यक म्हणजे जठराग्नी पेटवणारा. आपला ‘ओवा’, कन्नडमधला ‘ओम’, तमिळमधला ‘ओमम्’ हे शब्द कानाला सख्खे वाटतात. गुजरातीत ‘अजमो’, हिंदीत ‘अजवायन’. देशातलं मोठं पीक राजस्थान आणि गुजरातमध्ये होतं.

पोट फुगल्यावर ओवा खाल्ला की बरं का वाटतं?

ओव्यात साधारण दोन ते चार टक्के उडनशील तेल असतं आणि त्यात सर्वांत मोठा वाटा थायमॉलचा. घशाला आणि जिभेला जो चटका बसतो, तो त्याचाच. चटका बसला की लाळ सुटते, आणि पचनाची सुरुवात तिथूनच होते. शिवाय हे तेल आतड्याच्या स्नायूंचा ताण सैल करतं, असं प्राण्यांच्या आतड्यावर केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. पिळवटलेलं आतडं सैल झालं की अडकलेला वायू सरकतो, ढेकर येते किंवा खालून मोकळं होतं. माणसांवर झालेले अभ्यास मात्र थोडे आणि लहान आहेत. त्यामुळे ‘सिद्ध झालंय’ असं मी कुणाला सांगत नाही, ‘करून बघा, हरकत नाही’ एवढंच सांगतो.

आयुर्वेदात ओव्याचं वर्णन तीक्ष्ण, उष्ण, हलका, दीपन आणि पाचन असं येतं. जड जेवण, वातूळ भाजी, रात्रीचा उशीर, करपट ढेकर, पोटाचा गुबारा: ओव्याचं राज्य एवढंच. पण या राज्यात तो खरोखर राजा आहे.

कसा घ्यायचा? चावून, भाजून की उकळून?

माझ्या मते चावून. पाव ते अर्धा चमचा ओवा, मिठाचे दोन कण, सावकाश चावायचा आणि वर कोमट पाण्याचे चार घोट. तोंड भाजल्यासारखं होतं, ते होऊ द्यावं.

भाजायचा तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर, वास सुटेपर्यंतच. काळा पडला की तेल उडून गेलं आणि हाती कोळसा राहिला असं समजा. भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावा. मिक्सरमध्ये पीठ करून बरणी भरून ठेवणाऱ्यांना मी नेहमी टोकतो, कारण आठवडाभरात ते पीठ भुशासारखं होतं.

आणि पाणी? थायमॉल पाण्यात फार थोडं विरघळतं, पण वाफेबरोबर पटकन निघून जातं. दहा मिनिटं उघड्या पातेल्यात ओवा खळखळ उकळला की वासाने घर भरतं आणि कपात कडवट पाणी येतं. म्हणून ओवा आधी ठेचायचा, पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग त्यात ओवा टाकून झाकण ठेवायचं. पाच-सात मिनिटांनी गाळून प्यायचं. गाळताना झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब चाटून बघा, तेल कुठे जातं ते कळेल.

लिंबाच्या रसात आणि सैंधवात मुरवून वाळवलेला ओवा जेवणानंतर चिमूटभर खायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. चवीला हाच सर्वांत छान.

गवारीच्या भाजीत ओवा का घालतात?

कारण गवार वातूळ. फोडणीत मोहरीच्या जागी ओवा घातलेली गवारीची भाजी ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी एकदा करून बघावी. वालाच्या उसळीला, बटाट्याच्या आणि कांद्याच्या भज्यांना, बेसनाच्या पोळ्याला, मेथीच्या पुऱ्यांना, थालीपिठाला, चकलीला ओवा लागतो तो याच हिशेबाने. कडधान्य, बेसन आणि तळण ही तीन जड माणसं आली की ओवा दारात उभा.

हिवाळ्यात रायगडच्या बाजूला, अलिबाग-पेणकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि सढळ हाताने ओवा. मडकं बंद करून उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. शेतात थंडीत बसून किलोभर वालाच्या शेंगा खायच्या आणि रात्री पोट शांत ठेवायचं, हे त्या ओव्याशिवाय जमणार नाही. हे ज्यांनी पहिल्यांदा जुळवलं, त्यांनी फार्मसीची पदवी घेतलेली नव्हती.

ओव्याचा अर्क आणि ओव्याचं फूल यांत फरक काय?

अर्क म्हणजे ओवा पाण्यात उकळून त्याची वाफ थंड करून जमवलेलं पाणी. त्यात तेलाचा थोडा अंश असतो. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात तो पाण्यातून घेतात.

ओव्याचं फूल ही फार वेगळी वस्तू. नाव फूल, पण ते झाडावर येत नाही. ओव्याच्या तेलातून वेगळे काढलेले पांढरे स्फटिक म्हणजे ते, म्हणजेच जवळपास शुद्ध थायमॉल. १७१९ मध्ये कास्पर नॉयमान या जर्मन औषधशास्त्रज्ञाने थाइम नावाच्या वनस्पतीपासून हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं, म्हणून नाव थायमॉल. पण ओव्यात ते भरपूर निघतं हे कळल्यावर आपला ओवा जहाजं भरून जर्मनीला जाऊ लागला. तिथे त्याचं थायमॉल काढायचं आणि जगाला विकायचं असा धंदा होता. १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मनीची वाट बंद झाली आणि मग हे काम इथेच करून बघण्याची धडपड सुरू झाली. पुढे प्रयोगशाळेत स्वस्त थायमॉल तयार होऊ लागलं आणि ओव्याचं ते वैभव ओसरलं. आज गुळण्या करायच्या औषधात जो तिखट वास येतो, तो बहुधा थायमॉलचा, मात्र ते ओव्यातून आलेलं नसतं.

ओव्याचं फूल तळहातावर घेऊन चाटायची वस्तू नाही. जीभ आणि अन्ननलिका पोळते.

अमृतधारेत ओवा असतो का?

असतो, फुलाच्या रूपात. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे, तिन्ही घन. एका बाटलीत समभाग घालून हलवले की काही वेळात पाण्याचा थेंबही न घालता त्यांचं पातळ द्रव होतं. लहानपणी हे पाहिलं तेव्हा मला जादू वाटली होती. रसायनशास्त्रात शिकलो तेव्हा कळलं की काही पदार्थ एकमेकांत मिसळले की मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो. जादू तरीही कमी झाली नाही.

हे औषध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोरच्या पंडित ठाकुर दत्त शर्मांनी घरोघर पोचवलं. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या नावांत गिऱ्हाइकाची फसगत होईल का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६२ मध्ये न्यायालयाने नावांत गोंधळ होण्याइतकं साम्य असल्याचं म्हटलं. ट्रेडमार्कचा कायदा शिकणारी मुलं आजही हा खटला वाचतात.

मोठ्या माणसाने मळमळीसाठी दोन-तीन थेंब पाण्यातून किंवा बत्ताशावर घेणं ही जुनी रीत. पण त्यात कापूर आहे, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. मुलांना अमृतधारा देऊ नये. बाटली उंचावर ठेवा. जुलाब असतील तर मोठ्यांनाही आधी मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस, अमृतधारा त्यानंतर.

ओव्याने जंत पडतात का?

या समजुतीत इतिहासाचा तुकडा आहे. १९०९ ते १९१४ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत रॉकफेलर आयोगाने अंकुशकृमींविरुद्ध मोहीम चालवली आणि तिचं मुख्य औषध थायमॉलच होतं. पण ते शुद्ध थायमॉल, ग्रॅमच्या मापात, वर जुलाबाचं औषध देऊन. रोग्याला दारू आणि तेलकट खाणं वर्ज्य असायचं, कारण त्यांच्याबरोबर थायमॉल रक्तात ओढलं जातं आणि माणूस दगावू शकतो.

आता चमच्याचा हिशेब करू. एका चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास ओवा, त्यात तीन टक्के तेल धरलं आणि तेलात निम्मं थायमॉल, तर हाती येतात चाळीसेक मिलिग्रॅम. दोन ग्रॅम गाठायला पन्नास चमचे ओवा लागेल! तेव्हा गुळात ओवा घालून दिला म्हणजे मुलाचे जंत गेले असं मानू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. ती चुकवू नका. गूळ-ओवा त्यानंतर हौसेने द्या.

बाळंतिणीला ओवा का देतात? दूध वाढतं का?

ओवा, बाळंतशेपा, तीळ, किसलेलं सुकं खोबरं आणि सैंधव भाजून केलेली सुपारी बाळंतिणीच्या उशाशी असायची. जेवणानंतर चमचाभर, विड्यातही ओवा. बाळंतपणानंतर पोट सैल पडलेलं, हालचाल कमी, आहारात तूप, डिंक, खोबरं. अशा वेळी पोटाला आधार म्हणून ही सुपारी शहाणपणाची आहे आणि चवीलाही उत्तम.

दूध ओव्याने वाढतं याला भक्कम पुरावा नाही. बाळ जितक्या वेळा नीट पितं, तितकं दूध येतं. दूध कमी पडतंय असं वाटलं तर बाळ स्तन नीट तोंडात धरतंय का हे परिचारिकेकडून किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्या. सासूबाईंचा मान राखायचा असेल तर सुपारी खाऊन या.

बाळाला ओव्याची पुरचुंडी, ओव्याचं पाणी, धुरी: यातलं काय चालतं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणारी बहुतेक वेळा आजी असते.

पाणी नको. सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, ओव्याचं चमचाभर पाणीसुद्धा. पोटात वायू धरला असेल तर पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा.

पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीला शेक द्यायचा तर बेताने. बाळाची कातडी आपल्यापेक्षा खूप नाजूक असते. तवा सोडल्यावर थांबायचं, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, तिथे नुसती ऊब जाणवली तरच पुढे. थेट अंगावर नाही, झबल्यावरून. कापूर पुरचुंडीत अजिबात नाही. एका आजींनी “आमच्या वेळी भीमसेनी कापूर घालायचो” असं मला बजावलं होतं. त्या वेळची बाळं सुदैवी होती, एवढंच मी म्हणालो, आणि त्या हसल्या.

धुरी बंद करा. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून बंद खोलीत बाळाला शेकायची प्रथा खूप जुनी आहे आणि त्या वासाशी अनेकांचं माहेर जोडलेलं आहे, हे मला ठाऊक आहे. पण धूर तो धूर. बाळाच्या श्वासनलिका बारीक असतात आणि बंद खोलीतल्या कोळशाच्या शेगडीतून न दिसणारा, वास नसलेला विषारी वायू निघतो. खोली उबदार ठेवा, नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा बाळ पीत नसेल, तर पुरचुंडी ठेवा आणि निघा.

मोठ्यांच्या सर्दीला?

वाफारा घ्या, बरं वाटतं. सर्दी मात्र तिच्या वेळेनेच जाते. भाजलेला ओवा रुमालात बांधून हुंगायलाही हरकत नाही.

कुंडीतला पानओवा म्हणजेच ओवा का?

नाही. पानओवा म्हणजे जाड, लुसलुशीत, लव असलेल्या पानांची वनस्पती. ती तुळशीच्या कुळातली, ओवा कोथिंबिरीच्या. फांदी खोचली की लागते, बी पेरावं लागत नाही. वास सारखा येतो कारण तिच्या पानात कार्व्हाक्रॉल असतं, जे थायमॉलचं जुळं भावंड म्हणावं इतकं जवळचं आहे. शेजारणीने दिलेली एक फांदी आमच्या गॅलरीत सात वर्षं वाढते आहे.

पानाची भजी ही तिची खरी शोभा. खोकल्यात पान गरम करून पिळलेला चमचाभर रस मधातून घेतात, घसा ओलावतो. मध वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचा नाही, चाटवायचासुद्धा नाही.

खुरासानी ओवा, किरमाणी ओवा हेही चालतात का?

हे उत्तर दोनदा वाचा. खुरासानी ओवा नुसता नावाचा ओवा आहे. ती धोतऱ्याच्या कुळातली विषारी वनस्पती, तिच्यात हायोसायमीन आणि स्कोपोलामीन असतात. तोंड कोरडं पडणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, भ्रम, बडबड हे तिचे परिणाम. वैद्य शोधन करून, मोजून वापरतात. घरी आणायचं काम नाही.

किरमाणी ओवा म्हणजे दवण्याच्या नात्यातली वनस्पती, पूर्वी जंतांवर वापरायचे. तिच्यातल्या सँटोनिनने माणसाला सगळं जग पिवळं दिसायला लागतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

काष्ठौषधीच्या दुकानात तिन्ही मिळतात, शेजारच्या डब्यांत. म्हणून स्वयंपाकाचा ओवा किराणा दुकानातूनच घ्यावा. चिठ्ठीवर वैद्यांनी ‘ओवा’ लिहिला असेल तर कोणता, हे विचारायला लाजू नका.

ओवा कुणी टाळावा?

ज्यांना आम्लपित्त आहे, घशाशी येतं, अल्सर आहे त्यांनी. ओवा उष्ण, आणि जळजळीवर ओवा म्हणजे आगीत तूप. “गॅस झालाय” हा शब्द आपण पोट फुगण्यालाही वापरतो आणि छातीत जळजळण्यालाही. पहिल्याला ओवा, दुसऱ्याला नाही.

गरोदरपणी भाजीतला, पराठ्यातला ओवा चालतो. रोज ओव्याचा काढा, अर्क, फूल नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रोज काढा घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. ब्लडप्रेशर असेल तर ओव्याबरोबरच्या पादेलोणाकडे लक्ष ठेवा. अर्धा चमचा मीठ म्हणजे साधारण तीन ग्रॅम आणि दिवसभराची शिफारस पाच ग्रॅमच्या आतली आहे. ओवा निर्दोष, मीठ नाही.

सकाळी उपाशीपोटी ओव्याचं पाणी पिऊन वजन उतरतं का? साखर, मुतखडा?

नाही. नाही. नाही.

वजन उतरलेली मंडळी भेटतात, पण विचारलं की कळतं की त्यांनी त्याच महिन्यात साखरेचा चहा सोडला आणि चालायला सुरुवात केली. श्रेय ओव्याला.

छातीत गॅस अडकल्यासारखं होतं. ओवा-सोडा घेऊन वाट बघू का?

या प्रश्नासाठी मी पुलाव ढवळायचा टाकून फोन घेईन.

काही वर्षांपूर्वी रात्री साडेनऊला, शटर ओढता ओढता एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या पुढे. दुपारी लग्नाचं जेवण झालं होतं, तेव्हापासून छातीत गच्च. घरी दोनदा ओवा, एकदा सोडा झाला होता. आता गॅसची गोळी हवी होती. कपाळावर घाम होता आणि ते डावा हात सारखा चोळत होते. गोळी दिली नाही, रिक्षात बसवलं. तो हार्ट अटॅक होता. ते वाचले, आजही दुकानात येतात. पण दुपारी चार ते रात्री साडेनऊ हे साडेपाच तास ओव्याच्या भरवशावर गेले होते.

छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, घाम, धाप, यांतलं काही असेल तर ओवा तोंडात टाकण्याआधी १०८ फिरवा. मधुमेहींना आणि बायकांना छातीत न दुखता नुसती मळमळ आणि थकवा येऊनही अटॅक असू शकतो. पोटात उजवीकडे खाली सतत वाढणारं दुखणं, काळी शौच, रक्ताची उलटी, ताप येऊन ताठर झालेलं पोट, हेही ओव्याच्या हद्दीबाहेरचं.

चांगला ओवा ओळखायचा आणि टिकवायचा कसा?

दाणा हिरवट-करडा, काडीकचरा कमी. दोन बोटांत चोळला की वास झणकन यायला हवा. तपकिरी पडलेला आणि कुबट ओवा जुना. शंभर ग्रॅमच्या वर घेऊ नका, घरात तेवढा वर्षभर पुरतो. झाकण घट्ट असलेल्या काचेच्या बरणीत, गॅसच्या शेगडीपासून लांब. आमच्याकडे बरणीवर महिना लिहिलेली चिठ्ठी असते, दिवाळीला जुना ओवा चकलीत संपवायचा आणि नवा भरायचा.

कुंडीत लागेल का?

लागतो. रब्बीचं पीक आहे, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा. मूठभर ओव्यातले दोन चिमटी मातीवर भुरभुरायचे, वर मातीचा पातळ थर, पाणी शिंपडून. उगवायला दहा-पंधरा दिवस घेतो, तोवर कुंडी फेकू नका. कोवळी पानं वरणात छान लागतात. ऊन भरपूर लागतं, पाणी साचलेलं चालत नाही. आमच्या कुंडीत गेल्या वर्षी जेमतेम दोन चमचे ओवा निघाला. तो मी अजून वापरलेला नाही.